दातांचे माप आता कॅमेऱ्याने

जयपूरहून मावशीचा फोन आला, की आधी हवापाणी, मग भाज्यांचे भाव आणि शेवटी काकांच्या तक्रारी असा क्रम ठरलेला असतो. त्या दिवशी मात्र मी फोन उचलताच तिने विचारले, "अगं, तू आरोग्यावर लिहितेस ना? मग मला सांग, तोंडात कॅमेरा घालून दातांचं माप घेतात म्हणे. हे खरं, की नुसती जाहिरात?"

मावशी आणि काका मानसरोवरात राहतात. राजस्थान हाउसिंग बोर्डाने वसवलेली ही अफाट वसाहत. रजत पथ, स्वर्ण पथ, वरुण पथ अशी रस्त्यांची ऐटदार नावे. 2015 साली जयपूरची मेट्रो सुरू झाली तीही इथूनच, मानसरोवर ते चांदपोल. काका नोकरीनिमित्त तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. आता घरात मराठी, दारात हिंदी आणि जेवणात भाकरीच्या शेजारी बाटी.

पण भाकरी काय नि बाटी काय, काकांना चावताच येत नव्हते. पायोरियाने खालचे सगळे दात पासष्टीपर्यंत गेले. कवळी केली. पहिले वर्ष बरे गेले, मग ती डुलायला लागली. पुण्यात एका लग्नात पंगतीत लाडू खाताना ती लाडवात अडकून बाहेर आली. समोर व्याही बसलेले. कोणी हसले नाही, पण काका तेव्हापासून चारचौघांत जेवेनासे झाले. पाहुणे आले की "माझं पोट जरा जड आहे" म्हणून आतल्या खोलीत वरणात कुस्करलेली पोळी खायची. असे तब्बल चार वर्षे चालले होते, हे मला त्या फोनवर कळले.

खालच्या कवळीची ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि त्यात कवळी करणाऱ्याचा दोष दर वेळी नसतो. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, ती हवेच्या दाबाने चिकटून बसते. खालची नालेच्या आकाराची, मध्ये सतत हलणारी जीभ. शिवाय दात काढला की त्याला धरून ठेवणारे हाड बेकार होते आणि हळूहळू झिजू लागते. कवळी तीच राहते, खालची जमीन मात्र खचत जाते.

काकांना डॉक्टरांनी सुचवले ते इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात चार स्क्रू आणि त्यांच्यावर पक्की बसवलेली दातांची पूर्ण रांग. खर्च अडीच लाखांच्या वर. काकांनी तो कागद घडी घालून टेबलाच्या खणात टाकला. "या वयात दातांवर अडीच लाख? मी अजून जगणार किती?"

मावशी म्हणाली, "अहो, जेवढं जगाल तेवढे दिवस जेवणार ना?"

इम्प्लांटची गोष्ट तशी जुनी आहे. स्वीडनमधले संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना, हाडाने तिला आपलेच मानून घट्ट धरले होते. ते दात बसवण्याच्या भानगडीतही नव्हते, पण या अडचणीतून त्यांना कल्पना सुचली. 1965 साली यॉस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. लार्सन 2006 साली वारले तोपर्यंत ते कामात होते. चाळीस वर्षे! आपल्याकडे मिक्सर तरी एवढा टिकतो का?

म्हणजे स्क्रू टिकतो. खरी गोम असते ती त्याच्यावर बसणाऱ्या दातांच्या मापात, आणि मावशीचा प्रश्न नेमका तिथेच होता.

निसर्गाने दिलेला दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंची बारीक गादी असते. चावताना दात त्या गादीवर किंचित दबतो, पंचवीस ते शंभर मायक्रॉन इतका. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. इम्प्लांटला ही गादी नसते. तो हाडाशीच जखडलेला, जेमतेम तीन ते पाच मायक्रॉन हलणारा. नवी कोल्हापुरी चप्पल चावली तर चार दिवसांत पायाच्या मापाची होते, ब्लाऊज घट्ट झाला तर शिवण उसवता येते. इथे सैल होणारे, जुळवून घेणारे काहीच नसते. चार स्क्रूंवर बसणारी पट्टी एका टोकाला शंभर-दीडशे मायक्रॉनने जरी चुकली, तरी स्क्रू पिळून ती दाबून बसवता येते, पण मग तो ताण तिथेच दबून राहतो. त्यातून स्क्रू सैल पडतात, तुटतात, दातांचे टवके उडतात, फटीत घाण साठून हिरड्या सुजतात. पेशंट म्हणतो, "इम्प्लांट फेल गेलं."

आता माप घेण्याची जुनी रीत पाहा. प्रत्येक स्क्रूवर धातूचा एक छोटा खुंट बसवतात. मग ट्रेमध्ये सिलिकॉनचा लगदा भरून तो जबड्यावर दाबून धरायचा, पाच-सहा मिनिटे. तो घट्ट झाला की काढायचा, त्यात स्क्रूच्या नकला बसवायच्या, विशिष्ट प्लास्टर ओतायचे आणि तो साचा लॅबमध्ये पाठवायचा. सिलिकॉन थोडे आकसते, प्लास्टर थोडे फुगते, कुरिअरवाला थोडे आपटतो. ज्यांना ट्रे तोंडात जाताच उमासे येतात त्यांच्या हालाला तर पारावार नाही. काकांना कवळीच्या वेळी उलटी झाली होती. त्यामुळे "कॅमेऱ्याने माप" हे शब्द ऐकताच खणातला कागद पुन्हा टेबलावर आला.

ही कल्पना मांडली फ्रान्समधल्या फ्रांस्वा द्युरे यांनी, 1973 साली, आपल्या प्रबंधात. तेव्हा संगणक खोली भरून असत, त्यामुळे त्यांचे म्हणणे हवेतले वाटले असेल. पण 1985 मध्ये झुरिकच्या विद्यापीठात डॉ. वेर्नर म्योर्मान आणि इंजिनिअर मार्को ब्रांदेस्तिनी यांनी तोंडातल्या कॅमेऱ्याने माप घेऊन, मशीनने कोरलेला चिनी मातीचा तुकडा पेशंटच्या दाताच्या खड्ड्यात बसवून दाखवला. आज त्याच घराण्यातली यंत्रे आपल्या शहरांतल्या दवाखान्यांत आली आहेत. मानसरोवरात मध्यम मार्गावरून चालत जा, दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर इम्प्लांट आणि डिजिटल हे शब्द ठळक दिसतील.

आधी काकांची शुगर आटोक्यात आणली. जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे काढला. हाड किती उरले आहे आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस कुठून जाते, ते त्याशिवाय कळत नाही. हिवाळ्यात चार स्क्रू बसले. ते हाडात रुजायला तीन-चार महिने दिले. माप घ्यायचा दिवस आला तेव्हा मी रजा काढून जयपूरला गेले. खरे तर मला ते यंत्र बघायचे होते.

यंत्र म्हणजे जाडसर टूथब्रशसारखी एक दांडी, टोकाला भिंग आणि प्रकाश. डॉक्टरांनी आधी चारही स्क्रूंवर पांढरे, एका बाजूने तासलेले छोटे खुंट बसवले. त्यांना स्कॅन बॉडी म्हणतात. या खुंटांचा नेमका आकार संगणकाला आधीच ठाऊक असतो. खुंटाचे टोक दिसले की खाली हिरडीत स्क्रू किती खोल, कुठल्या कोनात आहे, ते तो हिशेबाने काढतो. "बाबूजी, मुँह खोलिए, बस दो मिनट," असे म्हणत डॉक्टरांनी दांडी जबड्यावरून फिरवायला सुरुवात केली. कॅमेरा भराभर फोटो काढत होता आणि समोरच्या पडद्यावर गुलाबी जबडा कणाकणाने उभा राहत होता. ना लगदा, ना उमासे. काका डोळे विस्फारून स्वतःचाच जबडा पाहत होते. मावशी म्हणाली, "लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण ह्यांचं तोंड इतका वेळ उघडं आणि गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं."

सगळे खूश. मी तर मनात या लेखाचा शेवटही लिहून टाकला होता.

दोन आठवड्यांनी लॅबमधून टायटॅनियमची पट्टी आली. याच पट्टीवर पुढे दात चढणार होते. डॉक्टरांनी ती चार स्क्रूंवर ठेवली आणि एका टोकाचा फक्त एकच स्क्रू घट्ट केला. मग वाकून दुसरे टोक पाहिले. एक्स-रे काढला. पडद्यावर दुसऱ्या टोकाला काळी रेघ, केसाएवढी. मला तर ती दाखवल्यावरच दिसली.

"बाकीचे स्क्रू पिळले तर बसेल की," काका म्हणाले.

"बैठ जाएगी बाबूजी, लेकिन मैं बिठाऊँगा नहीं," डॉक्टर म्हणाले. पट्टी वाया गेली तर गेली, पुन्हा माप घेऊ.

परतताना रिक्षात मावशीने माझ्याकडे असे पाहिले, की जणू ते यंत्र मीच बनवले होते. संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करून खोदून खोदून विचारले आणि नंतर मुंबईत या विषयातल्या जाणकारांशीही बोलले. झाले होते ते असे.

कॅमेऱ्याचा डोळा लहान असतो. संपूर्ण जबडा त्याला एकदम दिसत नाही. तो छोटे छोटे तुकडे टिपतो आणि संगणक त्यांच्या कडा जुळवून अखंड चित्र तयार करतो. सहा इंची पट्टीने अंगण मोजून पाहा. दर वेळी पट्टी उचलून पुढे ठेवताना तसूभर चूक होते आणि अंगणाच्या पार टोकाला जाईपर्यंत त्या चुकांची बेरीज होते. एक-दोन दात बसवायचे असतील तर अंतर एवढेसे, तिथे कॅमेऱ्याचे माप लगद्याच्या तोडीस तोड असते. पूर्ण जबड्यात मात्र एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे असते. त्यातून दात नसलेला जबडा म्हणजे नुसती गुळगुळीत, ओली हिरडी. थरच्या वाळवंटात वाट शोधावी तसे कॅमेऱ्याचे होते. खूण म्हणून धरावे असे दोन खुंटांच्या मध्ये काहीच नाही. जीभ हलते, लाळ चकाकते, आणि जोड चुकतो.

जयपूरकरांना हे नवे नाही म्हणा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात जंतरमंतर बांधले तेही मापाच्या चुकीला कंटाळूनच. पितळेची छोटी यंत्रे झिजतात, डगमगतात, त्यांवरच्या खुणा बारीक, म्हणून त्यांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. तिथले सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ कळते. त्यांच्या पदरचे ज्योतिषी जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रातले, हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात. अर्थात तोंडात काही सत्तावीस मीटरचे यंत्र मावत नाही!

यावर दोन उपाय आहेत. एक फोटोग्रामेट्री नावाची पद्धत. तीत खुंटांवर ठिपक्यांच्या खुणा असलेली छोटी निशाणे बसवतात आणि तोंडाबाहेरचा कॅमेरा ती सगळी एकाच नजरेत टिपतो, त्यामुळे तुकडे जोडावे लागत नाहीत. पूर्ण जबड्याच्या कामासाठी ही पद्धत फार चांगली मानतात. हिरडीचा आकार मात्र त्यात येत नाही, तो साध्या स्कॅनरने वेगळा घ्यावा लागतो. यंत्र महाग, त्यामुळे ते सगळीकडे नाही. काकांच्या डॉक्टरांकडेही नव्हते.

त्यांनी दुसरा उपाय केला. चार स्क्रूंवर धातूचे खुंट बसवून ते तोंडातच कमी आकसणाऱ्या रेझिनने एकमेकांना जोडले, जोड कापून पुन्हा थोड्याशा रेझिनने सांधले, म्हणजे आकसण्याचा उरलासुरला ताणही निघून जातो. मग वरून ट्रे आणि लगदा. होय, तोच लगदा. काकांनी डोळे मिटले, पायाची बोटे आवळली आणि नाकाने श्वास घेत पाच मिनिटे काढली. उलटी झाली नाही, याचे श्रेय मावशीने त्यांच्या घट्ट धरलेल्या हाताला दिले. त्यावरून प्लास्टरचा साचा झाला, तो लॅबमधल्या टेबलावरच्या मोठ्या स्कॅनरने टिपला आणि पुढचे सगळे संगणकावर. म्हणजे पहिले पाऊल आजोबांच्या रीतीचे आणि पुढची नातवाच्या.

पुढचा भाग मला फार आवडला. शेजारी जोहरी बाजारात दागिन्यांचे काम करणारे गृहस्थ राहतात. काका त्यांना कौतुकाने सगळे सांगत होते, तर ते म्हणाले, "अरे, हे तर आमच्याकडेही आहे." अंगठी आता आधी संगणकावर काढतात, मशीन तिची मेणाची प्रतिकृती बनवते आणि मग ओतकाम होते. दातांचेही गणित जवळपास तेच. पडद्यावर दाताचा आकार ठरतो, समोरच्या दातांशी जुळवून पाहतात आणि मशीन ठोकळ्यातून तो कोरून काढते. झिर्कोनियाचा ठोकळा कोरताना खडूसारखा मऊ असतो. नंतर तो सुमारे पंधराशे अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजतात. भाजताना तो जवळजवळ पाचवा हिस्सा आकसतो, म्हणून दात आधीच तेवढा मोठा कोरतात. कुंभाराला हे कोणी शिकवावे लागत नाही, मडके भाजल्यावर लहान होते हे त्याला ठाऊक असते. फरक एवढाच, की इथे आकसण्याचा हिशेबही मायक्रॉनमध्ये.

दुसरी पट्टी आली. पुन्हा एकच स्क्रू, पुन्हा एक्स-रे. या वेळी काळी रेघ नव्हती. आणखी तीन आठवड्यांनी दात बसले.

आता वाचक विचारतील, एवढे पैसे नसतील त्यांनी काय करायचे? खालच्या जबड्यासाठी दोनच इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी टचकन बसणारी, काढता-घालता येणारी कवळी हा मार्ग आहे. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र येऊन, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असे मत दिले होते. खर्च बराच कमी. काकांना कवळी हा शब्दच नको होता म्हणून त्यांनी तो घेतला नाही, पण मला विचाराल तर अनेक घरांना तोच परवडेल आणि पुरेल. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांतही चौकशी करावी. खेपा जास्त पडतात, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होते. मधुमेह आटोक्यात नसेल, सिगारेट-तंबाखू सुटत नसेल किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषधे चालू असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. मशेरीसुद्धा तंबाखूच आहे, हे आजीला समजावून सांगा.

आणि डॉक्टरांना बेधडक विचारा, माझ्या जबड्याचे माप कसे घेणार? एक-दोन दात असतील तर कॅमेरा पुरे. पूर्ण रांग असेल तर, पट्टी बरोबर बसली की नाही याची खात्री तुम्ही कशी करता? ज्यांच्याकडे या प्रश्नाला सरळ उत्तर आहे त्यांच्याकडे स्कॅनर नसला तरी मला चालेल. ज्यांच्याकडे नुसता स्कॅनर आहे, त्यांच्याबद्दल मी तसे म्हणणार नाही.

काम झाल्यावर दोन गोष्टी मागून घ्या. इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेले कार्ड, आणि स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, त्याचा स्क्रू-ड्रायव्हरही वेगळा. उद्या गाव बदलले आणि दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला, तर नव्या डॉक्टरांनी अंदाज कशाच्या जोरावर बांधायचा? काका-मावशी पुढेमागे मुलाकडे पुण्याला जाणार आहेत, म्हणून मी हट्टाने दोन्ही मागून घ्यायला लावले. रोज रात्री त्या रांगेखालून बारीक ब्रश फिरवायचा आणि सहा महिन्यांनी तपासणीला जायचे. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड सडू शकते. काका सुरुवातीला कंटाळा करत, आता मावशी ब्रश हातात देऊनच टीव्ही बंद करते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. हवापाणी झाले, भाज्यांचे भाव झाले. मग म्हणाली, "काल शेजारचे सगळे जेवायला होते. बाजरीच्या भाकऱ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली. हे बाहेर, सगळ्यांबरोबर बसले." मी विचारले, "मग? काका काय म्हणाले?" "म्हणायचं काय? भाकरी कडक झाली म्हणाले. चार वर्षं वरणात कालवून खाल्ली तेव्हा एकदाही बोलले नाहीत गं!" तक्रार करताना तिचा आवाज इतका आनंदी मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. इम्प्लांटचे ते कार्ड काकांनी पाकिटात मेट्रोच्या कार्डामागे ठेवले आहे. एकदा घाईत त्यांनी स्टेशनवर तेच पुढे केले, दार काही उघडले नाही.